समुद्रापलीकडचे शिक्षक आणि बधिर मुलांची भाषा



ज्या मुलाला जन्मापासून ऐकू येत नाही ते मूल बोलत नाही. त्याच्या जिभेत किंवा घशात दोष असतो असे नव्हे. शब्द कानावर पडला नाही, म्हणून तो तोंडात आला नाही, इतकेच. ही साधी गोष्ट समजायला माणसाला फार शतके लागली. आपण अशा माणसाला ‘मुका’ म्हणत आलो, आणि ‘मुका’ म्हणजे ज्याला मन नाही, मत नाही, असा अर्थ नकळत त्या शब्दाला चिकटला. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने दुसऱ्याने बोलावे, हा मग रिवाजच झाला.

अशा मुलांना व्यवहाराची भाषा मिळावी म्हणून आपला देश सोडून परमुलखात गेलेल्या काही माणसांचा इतिहास मी आज मांडणार आहे. त्यांच्या दयाबुद्धीचे गुणगान करावे एवढाच हेतू असता, तर एक हार आणि दोन वाक्ये पुरली असती. माझ्यापुढचा प्रश्न निराळा आहे. बाहेरून गेलेल्या माणसाने नेले काय, आणि तेथे जे अगोदर होते त्याचे पुढे काय झाले? आयुष्य कामगार संघटनेत गेलेल्या माणसाला हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. हातांच्या खुणा ही भाषा असू शकते, याची आपल्याला मुळीच कल्पना नाही असे नाही. आमचे जुने गिरणीकामगार सांगत की, साळखात्यात मागांच्या खडखडाटापुढे तोंडचा शब्द शेजारच्या कानापर्यंत पोहोचत नसे, म्हणून हाताने आणि ओठांच्या हालचालींनीच बोलणे होई. पण ते कामापुरते बोलणे होते. पाळी संपली की त्यांची मराठी त्यांना परत मिळे. बधिर समाजाच्या खुणांची गोष्ट याहून मोठी आहे. त्या खुणांना स्वतःचे व्याकरण असते, त्यांतून विनोद करता येतो, भांडता येते, हिशेब मांडता येतो, देवाधर्माची चर्चा करता येते.

ही गोष्ट युरोपात ज्याने प्रथम मोठ्या प्रमाणावर ओळखली, तो अबे द लेपे हा पॅरिसचा धर्मगुरू होता. इसवी सन १७६० च्या सुमारास त्याने बधिर मुलांना शिकवण्यास आरंभ केला. त्याचे मोठेपण यात आहे की, आपल्या विद्यार्थ्यांच्या खुणा त्याने आधी स्वतः शिकून घेतल्या. शिवाय आपली पद्धत त्याने झाकून ठेवली नाही. येईल त्याला ती उघडपणे दाखवली. त्याच काळात ब्रिटनमध्ये ब्रेडवुड घराण्याच्या शाळा होत्या. त्यांनी मात्र आपली विद्या घरगुती कसब म्हणून जपली, आणि ती बाहेरच्याला द्यायची तर त्यासाठी अटी घातल्या.

या दोन वृत्तींची गाठ १८१५ साली पडली. अमेरिकेतील हार्टफर्ड गावात मेसन कॉग्सवेल नावाचे एक डॉक्टर होते. त्यांची मुलगी अ‍ॅलिस बधिर होती. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या इतरांसाठी शाळा काढावी म्हणून गावकऱ्यांनी पैसा उभा केला आणि थॉमस गॅलॉडेट या तरुणाला युरोपात धाडले. ब्रेडवुड मंडळींनी त्याला अटींमध्ये अडकवले. पण लंडनमध्येच त्याची पॅरिसच्या मंडळींशी भेट झाली. लेपेचा वारस सिकार आणि त्याचे दोन बधिर शिष्य जाँ मास्यू व लोराँ क्लेर्क तेथे आपल्या पद्धतीची प्रात्यक्षिके दाखवीत होते. गॅलॉडेट पॅरिसला गेला, तेथे शिकला, आणि परत निघताना त्याने क्लेर्कला आपल्याबरोबर येण्याची विनंती केली.

क्लेर्क तेव्हा तीस वर्षांचा होता. पॅरिसच्या शाळेत त्याचे नाव होते. इंग्रजी त्याला नीट येत नव्हते. तो कॅथलिक होता आणि जेथे जायचे तो मुलूख प्रोटेस्टंटांचा होता. तरीही तीन वर्षांच्या कराराने तो १८१६ च्या जूनमध्ये जहाजात बसला. ५२ दिवसांच्या त्या प्रवासात गॅलॉडेटने त्याला इंग्रजी शिकवले आणि त्याने गॅलॉडेटला खुणा शिकवल्या. श्रोतेहो, या ५२ दिवसांकडे मी आपले लक्ष वेधतो. एकाने द्यावे आणि दुसऱ्याने घ्यावे, असा तो व्यवहार नव्हता. त्या जहाजावर दोघेही शिक्षक होते आणि दोघेही विद्यार्थी होते. १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्डची शाळा सुरू झाली. तीन वर्षांसाठी आलेला क्लेर्क तेथेच राहिला, १८५८ पर्यंत शिकवीत राहिला आणि १८६९ साली अमेरिकेतच वारला. त्याने आणलेल्या फ्रेंच खुणा आणि विद्यार्थ्यांनी घरून आणलेल्या खुणा यांच्या मिश्रणातून आजची अमेरिकन खुणांची भाषा तयार झाली. १८६४ साली अध्यक्ष लिंकन यांच्या सहीने वॉशिंग्टनच्या बधिर संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. तीच पुढे गॅलॉडेट महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाली.

येथपर्यंतची वाट चढाची होती. १८८० च्या सप्टेंबरात इटलीतील मिलान शहरी बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि वाट एकदम उताराला लागली. १६४ प्रतिनिधी जमले होते. त्यांत बधिर असा एकच होता, अमेरिकेचा जेम्स डेनिसन. बधिर मुलांना केवळ तोंडी बोलणे आणि ओठ वाचणे शिकवावे, खुणा वर्गातून काढाव्यात, असा ठराव तेथे प्रचंड बहुमताने झाला. विरोध करणारे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांत एडवर्ड गॅलॉडेट होता. तो थॉमसचा मुलगा, आणि त्याची आई स्वतः बधिर होती. परिणाम काय झाला? शाळाशाळांतून बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलांनी खुणा करू नयेत म्हणून त्यांना हातांवर बसवण्यात आले, हात बांधण्यात आले, छड्या मारण्यात आल्या. वर्षे ओठ वाचण्यात गेली आणि ज्ञान मागे राहिले.

ज्यांच्या भाकरीचा प्रश्न आहे त्यांना बाहेर बसवून झालेला करार कसा असतो, हे मुंबईच्या गिरणगावाला सांगायला नको. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणीकामगारांच्या वतीने एकाच मान्यताप्राप्त संघाने बोलावे, अशी व्यवस्था केली होती. १९८२ च्या संपात लाखो कामगार एका बाजूला आणि त्यांच्या नावाने बोलण्याचा कायदेशीर हक्क दुसऱ्या बाजूला, असे चित्र साऱ्या देशाने पाहिले. मिलानमध्ये जमलेले लोक दुष्ट होते असे मी म्हणत नाही. पुष्कळांना मुलांचे भलेच करायचे होते. पण ज्यांचे भले करायचे त्यांचे मत घेतले पाहिजे, हे त्यांच्या मनातही आले नाही. ही चूक जगाने उघडपणे मान्य करायला २०१० साल उजाडावे लागले. कॅनडातील व्हँकूव्हर येथे याच परिषदेच्या अधिवेशनात मिलानचे ठराव अमान्य करून खेद व्यक्त करण्यात आला. मधे १३० वर्षे गेली.

आपल्या मुंबईचा या इतिहासाशी संबंध आहे. भारतातील बधिरांच्या शाळांत ज्येष्ठ मानली जाणारी मुंबईची शाळा १८८० च्या दशकातच निघाली. तीही एका परक्या माणसाच्या खटपटीने, बिशप लिओ म्यूरिन या जर्मन धर्मगुरूच्या. मिलानचा ठराव तेव्हा ताजा होता, आणि तोंडी पद्धतीचेच वारे पुढे आपल्याकडील बहुतेक शाळांतून वाहिले. शाळा निघाली हे उपकार मोठेच. पण बधिर मुलांची खुणांची भाषा वर्गाबाहेर राहिली. ती वसतिगृहात, मधल्या सुट्टीत आणि शाळेच्या फाटकाबाहेर वाढली.

आता मी ज्या माणसासाठी मुख्यतः उभा आहे त्याच्याकडे वळतो. अँड्र्यू फॉस्टर यांचा जन्म १९२५ साली अमेरिकेच्या अलाबामा राज्यात बर्मिंगहॅमजवळ झाला. मुलूख पोलादाच्या कारखान्यांचा आणि कोळशाच्या खाणींचा होता. वडील खाणकामगार, घर काळ्या माणसाचे. अकराव्या वर्षी मेंदूज्वराने अँड्र्यू आणि त्यांचा भाऊ असे दोघेही बहिरे झाले. काळ्या बधिर मुलांची शाळा निराळी असे. तेथे त्यांना हायस्कूलचे शिक्षण मिळाले नाही. इतिहासाचा खेळ असा की, गोऱ्या मुलांच्या शाळांत तोंडी पद्धतीवर पैसा खर्च होत होता, आणि काळ्या मुलांकडे कोणी लक्षच देत नव्हते. म्हणूनच दक्षिणेतील काळ्यांच्या शाळांतून खुणांची भाषा पुष्कळ काळ टिकून राहिली.

फॉस्टर उत्तरेस मिशिगन राज्यात आले. पोटासाठी कामे करीत त्यांनी पत्राद्वारे हायस्कूलचे शिक्षण पुरे केले. गॅलॉडेट महाविद्यालयाची दारे काळ्या विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ बंद होती. त्याच आवारातील लहान मुलांच्या शाळेत काळ्या मुलांना घ्यावे, यासाठी एका मातेला न्यायालयात जावे लागले आणि १९५२ साली निकाल तिच्या बाजूने लागला. तरी संस्थेने त्या मुलांसाठी वेगळी इमारत आणि वेगळे वर्ग काढले! त्या वेगळ्या वर्गांतील २४ विद्यार्थ्यांना हायस्कूलची प्रमाणपत्रे देण्याचा समारंभ २०२३ साली झाला. यावरून त्या काळाची कल्पना यावी. अशा ठिकाणी १९५१ साली फॉस्टर यांनी प्रवेश मिळवला, आणि १९५४ साली पदवी घेतली. तेथील पहिले कृष्णवर्णीय पदवीधर म्हणून त्यांची नोंद आहे. पुढे त्यांनी आणखी पदव्या घेतल्या आणि १९५६ साली आफ्रिकेतील बधिरांसाठी एक धर्मकार्यसंस्था स्थापली. ते निष्ठावंत ख्रिस्ती होते, धर्मप्रचार हा त्यांच्या कामाचा उघड भाग होता, हे लपवण्याचे कारण नाही.

१९५७ च्या मार्चमध्ये घाना स्वतंत्र झाला. त्याच वर्षी फॉस्टर आक्रा शहरी उतरले. साऱ्या आफ्रिका खंडात तेव्हा बधिरांच्या शाळा डझनभर असतील नसतील. बधिर मूल म्हणजे घराला लागलेला शाप, अशी समजूत सर्वत्र होती, जशी ती आपल्या खेडोपाडीही आढळते. मुले घरात लपवलेली असत. फॉस्टर यांनी ती शोधून काढली. शाळेला जागा नव्हती. ऐकणाऱ्या मुलांची शाळा सुटली की त्याच खोल्यांत बधिर मुलांचे वर्ग भरत. आमच्याकडील रात्रशाळा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. पुढे आकुआपिम टेकड्यांतील माम्पाँग येथे निवासी शाळा उभी राहिली. १९६० साली नायजेरियातील इबादान येथे दुसरे मोठे केंद्र निघाले. जर्मनीतील एका बधिर परिषदेत त्यांची बर्टा या बधिर जर्मन युवतीशी ओळख झाली होती. १९६१ साली त्यांचा विवाह झाला आणि दोघांनी मिळून हे काम ओढले.

वर्षाचा काही काळ अमेरिकेत हिंडून निधी जमवायचा आणि उरलेला काळ आफ्रिकेत घालवायचा, असा फॉस्टर यांचा क्रम असे. टोगो, बेनिन, आयव्हरी कोस्ट, कॅमेरून असे करीत तेरा देशांत तीसहून अधिक शाळा त्यांच्या प्रयत्नाने निघाल्या. एका माणसाने हे कसे केले? याचे उत्तर संघटनेच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. ते कोणत्याही एका शाळेचे मालक होऊन बसले नाहीत. १९७० च्या दशकापासून इबादानला ते शिक्षकांचे वर्ग भरवीत. निरनिराळ्या देशांतून आलेले बधिर तरुण तेथे खुणा, शिकवण्याची पद्धत आणि शाळा चालवण्याची रीत शिकत, आणि परत जाऊन आपापल्या गावी शाळा काढीत. म्हणजे एका पिढीचा विद्यार्थी दुसऱ्या पिढीचा हेडमास्तर झाला. बाहेरून आलेला पुढारी निघून गेल्यावर युनियन टिकते की नाही, हीच त्याच्या कामाची परीक्षा असते. फॉस्टर १९८७ च्या डिसेंबरात रुआंडामध्ये विमान कोसळून मृत्युमुखी पडले. त्यांच्यामागे त्यांचे शिष्य पुष्कळ ठिकाणी काम करीत राहिले.

एवढे सांगून थांबलो, तर मी आपल्याला अर्धाच हिशेब दाखवला असे होईल. फॉस्टर यांनी जी भाषा नेली ती अमेरिकन खुणांची भाषा होती. फ्रेंच बोलणाऱ्या देशांत तिला फ्रेंच शब्दांची जोड मिळाली आणि तिचे तेथे एक निराळे रूप झाले. घानातही तिच्यापासून घानाची म्हणून एक भाषा तयार झाली. परंतु आफ्रिका काही मुकी नव्हती. माम्पाँगपासून फार दूर नाही असे अदामोरोबे नावाचे एक खेडे आहे. तेथे आनुवंशिक बहिरेपण पुष्कळ असल्यामुळे गावाची स्वतःची खुणांची भाषा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ऐकणारे गावकरीही ती बोलतात. या गावची मुले माम्पाँगच्या शाळेत गेली, शाळेच्या खुणा शिकली, आणि घरची भाषा मागे पडत चालली. अमेरिकेतही हेच घडले होते. मार्थाज व्हिनयार्ड बेटावर ऐकणारे आणि न ऐकणारे सारेच एक खुणांची भाषा वापरीत. तेथील मुले हार्टफर्डला जाऊ लागली, पुढे बेटाबाहेर लग्नसंबंध वाढले, आणि ती भाषा वापरणारी शेवटची बधिर व्यक्ती १९५२ साली गेली.

याचा अर्थ फॉस्टर यांनी जाऊ नये होते असा मी काढत नाही. अदामोरोबेच्या भाषेत गावचा सारा व्यवहार होत होता. पण पुस्तके, परीक्षा, कारकुनी, न्यायालय यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट शाळेनेच उघडली. आमच्या मुलखात मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला शाळेत पुस्तकी मराठी शिकावी लागते, आणि ती शिकल्याने त्याचा फायदाच होतो. तक्रार शिकवण्याची नाही. ‘तुझी भाषा ही भाषाच नव्हे’ असे त्याला सांगण्यात आले, तर तक्रार आहे.

मग बाहेरच्या माणसाचे खरे काम कोणते? याचे उत्तर मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या लहानशा देशाने दिले आहे. १९७७ साली राजधानी मानाग्वा येथे विशेष शिक्षणाची एक शाळा निघाली. १९७९ च्या क्रांतीनंतर शिक्षणाची मोठी मोहीम झाली आणि बधिर मुलांची संख्या वाढली. १९८० साली मोठ्या मुलांसाठी धंदेशिक्षणाची शाळा जोडली गेली. दोन्ही शाळांत मिळून काही वर्षांतच चारशेवर बधिर मुले एकत्र आली. शिक्षक त्यांना ओठ वाचून स्पॅनिश शिकवू पाहत होते, आणि त्यात यश येत नव्हते. पण अंगणात आणि बसमध्ये मुलांनी आपापल्या घरच्या मोडक्यातोडक्या खुणा एकत्र केल्या. मागून आलेल्या लहान मुलांनी त्यांना नियम दिले, व्याकरण दिले. पाहता पाहता एक नवी भाषा जन्माला आली. ती त्यांना कोणी शिकवली नव्हती. मुले काय करीत आहेत हे शिक्षकांना उमगेना, म्हणून १९८६ साली तेथील शिक्षण खात्याने ज्यूडी केगल या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंना बोलावले. बाईंनी मुलांचे हात नीट पाहिले, आणि ही पूर्ण भाषा आहे, असे जगाला सांगितले.

म्हणजे भाषा ही धान्याच्या पोत्यासारखी जहाजातून नेऊन वाटण्याची वस्तू नाही. एकेकटे, विखुरलेले, घराच्या कोपऱ्यात बसवलेले बधिर मूल दुसऱ्या बधिर मुलाला भेटले, की भाषा उगवते. त्यांना एका छपराखाली आणणे हे पहिले काम. क्लेर्कने ते केले, फॉस्टर यांनी ते केले, आणि मानाग्वात ते सरकारच्या हातून घडले. एकटा कामगार मालकापुढे मुकाच असतो. चार कामगार फाटकाशी उभे राहिले की त्यांना वाचा फुटते. दोन्हीकडे कायदा एकच आहे.

आपल्या देशातही हेच अनुभवास आले. मदन वसिष्ठ हे हिंदुस्थानात वाढलेले बधिर गृहस्थ गॅलॉडेटला जाऊन शिकले. १९७० च्या दशकात ते अमेरिकन संशोधकांसह परत आले, आणि दिल्ली, कलकत्ता, मुंबई, बंगलोर येथील बधिरांच्या खुणांचा त्यांनी अभ्यास केला. शहराशहरांत फरक असला तरी या एकाच भाषेच्या बोली आहेत, असे दिसून आले. जी भाषा शाळांनी वर्गाबाहेर घालवली होती, ती साऱ्या देशात गुपचूप नांदत होती. पुढे मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत २००१ साली भारतीय खुणांच्या भाषेचे वर्ग सुरू झाले, आणि २०१५ साली दिल्लीला या भाषेसाठी स्वतंत्र केंद्र निघाले.

आज पुष्कळ तरुण-तरुणी सुट्टीचे काही महिने काढून परदेशी अशा शाळांत काम करायला जातात. परदेशांतूनही लोक आपल्याकडे येतात. त्यांची उमेद मोडावी असे मला वाटत नाही. त्यांनी जरूर जावे. मात्र जाण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. तेथील बधिर माणसे कोणत्या खुणा करतात, आणि त्या मी शिकलो आहे काय? त्या शाळेच्या कारभारात बधिर माणसाला मत आहे काय? आणि मी परत आल्यावर माझे काम हाती घेईल असा तेथलाच माणूस मी तयार करणार आहे काय? क्लेर्कने या तिन्ही प्रश्नांना आयुष्य देऊन उत्तर दिले. फॉस्टर यांचे पहिले उत्तर अपुरे पडले, पण उरलेली दोन त्यांनी पुरी केली. मिलानच्या मंडळींनी हे प्रश्न विचारलेच नाहीत, आणि त्याची किंमत पाच पिढ्यांच्या मुलांनी मोजली.

आपल्या तालुक्याच्या गावीही एखादी बधिर मुलांची शाळा असेल. तेथे भारतीय खुणांची भाषा शिकवली जाते की नाही, शिक्षकांत एकतरी बधिर आहे की नाही, याची चौकशी करायला समुद्र ओलांडावा लागत नाही. ती चौकशी आपण उद्याच करावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.